घरबसल्या ऑटिझमची चाचणी: देताना वही जवळ ठेवा

सांगलीत कॉलेजला मानसशास्त्र शिकवताना दरवर्षी काही मुलंमुली तास संपल्यावर मागे थांबतात आणि मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर एक आकडा असतो. ३४, ३८, कधी २७. "मॅडम, म्हणजे मला ऑटिझम आहे का?" अलीकडे मोठी माणसंही विचारू लागली आहेत. कुणी बँकेत, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला, चाळिशी उलटलेली. लहानपणापासून 'घुमा', 'माणूसघाणा', 'तिरसट' अशी विशेषणं ऐकत आलेल्या या लोकांना पहिल्यांदाच आपल्या स्वभावामागे वेगळं काही कारण असेल, असं वाटलेलं असतं. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. अशा चाचणीतला सगळ्यात कमी उपयोगाचा भाग म्हणजे शेवटी येणारा आकडा. प्रश्न वाचताना तुम्हाला स्वतःच्या आयुष्यातला जो प्रसंग आठवतो, तो खरा मोलाचा, कारण पुढे डॉक्टर त्याच्याच आधारे तुम्हाला समजून घेणार असतात. म्हणून चाचणी जरूर द्या, पण वही-पेन घेऊन बसा.

आधी थोडं ऑटिझमविषयी. मराठीत स्वमग्नता म्हणतात ती हीच. मेंदूची जडणघडणच वेगळ्या रीतीने झालेली असते, आणि ती लहानपणापासूनच तशी असते. चाळिशीत नोकरीचा ताण वाढला म्हणून ऑटिझम होत नाही. फार तर इतकी वर्षं झाकलेला उघडा पडतो. निदान करताना डॉक्टर दोन बाजू पाहतात. पहिली माणसांमधल्या देवाणघेवाणीची: बोलण्यातली ये-जा, हावभाव, मैत्री जुळणं आणि टिकणं. दुसरी ठरलेपणाची आणि संवेदनांची: तीच ती हालचाल, दिनक्रमाचा हट्ट, एखाद्या विषयाचा झपाटून टाकणारा नाद, आवाज-उजेड-स्पर्श सोसवेनासा होणं किंवा उलट जाणवूच न येणं. दोन्ही बाजू असाव्या लागतात, खुणा बालपणापासूनच्या असाव्या लागतात आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडचण येत असावी लागते. पूर्वी 'अ‍ॅस्पर्जर' असं वेगळं निदान दिलं जाई. २०१३ साली अमेरिकी निदान-पुस्तिकेने ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच सामावून घेतलं. जुन्या चाचण्यांमध्ये तो शब्द दिसला, तर गोंधळून जाऊ नका.

पायरी १: कोणती चाचणी द्यायची

नेटवर ढिगाने चाचण्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच कुणीतरी सहज बनवलेल्या आहेत. 'दहा सेकंदांत ओळखा' असल्या तर उघडूच नका. सुरुवातीला दोनच पुरेत.

पहिली ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट, थोडक्यात एक्यू. केंब्रिज विद्यापीठातल्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली. ५० विधानं, प्रत्येकापुढे चार पर्याय: पूर्ण सहमत, किंचित सहमत, किंचित असहमत, पूर्ण असहमत. विधानं पाच विषयांवर आहेत आणि प्रत्येक विषयाला दहा: लोकांत वावरणं, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवणं, बारकावे टिपणं, संवाद आणि कल्पनाशक्ती. दहाच विधानांची छोटी आवृत्तीही आहे. तिच्यात सहा किंवा जास्त गुण आले तर पुढे तपासणीला जावं, असा संकेत आहे. वेळ असेल तर मी मोठीच द्यायला सांगते. आठवायला भाग पाडणारे प्रश्न तिच्यात जास्त आहेत.

दुसरी डोळ्यांची चाचणी, 'रीडिंग द माइंड इन द आइज'. याच गटाने आधी १९९७ साली केली आणि २००१ साली सुधारली. नुसत्या डोळ्यांच्या पट्टीचे ३६ कृष्णधवल फोटो, प्रत्येकाभोवती चार शब्द, आणि प्रश्न एकच: या माणसाच्या मनात काय चाललं आहे?

दोन्ही चाचण्या केंब्रिजच्या ऑटिझम रिसर्च सेंटरने खुल्या ठेवलेल्या आहेत. शेवटच्या पानावर 'निकाल पाहण्यासाठी पैसे भरा' म्हणणाऱ्या साइटवर थांबण्याचं काहीच कारण नाही.

याशिवाय ८० विधानांची राड्स-आर आहे आणि आपलं वेगळेपण लोकांपासून लपवायची किती सवय लागली आहे हे पाहणारी, २५ विधानांची कॅट-क्यू आहे. राड्स-आर मुळात तज्ज्ञाच्या समोर भरण्यासाठी बनवली होती. एकट्याने भरली तर आकडा सहज फुगतो, म्हणून पहिल्याच दिवशी तिच्या वाटेला जाऊ नका.

एक्यूची ही आवृत्ती सोळा वर्षांपुढच्यांसाठी आहे. तुमची काळजी लहान मुलाबद्दल असेल, म्हणजे दीड-दोन वर्षांचं मूल हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, तर नेटवर वेळ घालवू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा किंवा थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. ऐकण्याची तपासणीही तेव्हाच करून घ्या. त्या वयात एक-एक महिना महत्त्वाचा असतो.

पायरी २: बसण्याआधी

निवांत तासभर हवा. हॉलमध्ये टीव्ही चालू, शेजारी कुणीतरी डोकावतंय, अशा वेळी खरी उत्तरं निघत नाहीत. ताप, सलग जागरण, घरात नुकतंच झालेलं भांडण, यातलं काही असेल तर दुसरा दिवस बघा. मन फार खचलेलं असेल तर मुळीच देऊ नका, कारण उदास मनाला माणसं नकोशी होतात आणि एक्यूत ते जसंच्या तसं ऑटिझमसारखं उमटतं. जगण्याचाच कंटाळा आला असेल तर चाचणी बाजूला ठेवून टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. सरकारी, मोफत, चोवीस तास चालणारी सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

नाव, मोबाइल नंबर, ईमेल मागणाऱ्या साइटला काहीही देऊ नका. तुमच्या मनाची माहिती आहे ती; कुठे जाईल याचा भरवसा नाही. आणि निकालाचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत तर असा एक फोटो कुठल्या कुठे पोहोचतो आणि त्यावर कोण काय बोलेल, हे आपल्या हातात राहत नाही.

भाषेचं काय? इंग्रजी बऱ्यापैकी येत असेल तर मूळ इंग्रजीतच वाचा. ब्राउझरमधलं आपोआप होणारं मराठी भाषांतर नकारार्थी वाक्यांत हमखास घात करतं आणि एक्यूत अशी वाक्यं मुद्दाम पेरलेली आहेत. इंग्रजी अडत असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवून वाक्याचा अर्थ विचारा. उत्तर मात्र त्याला विचारू नका.

पायरी ३: एक्यू भरताना

पुष्कळ लोक पहिल्याच विधानाला अडतात: 'पूर्ण सहमत' की 'किंचित सहमत'? दहा मिनिटं त्यातच जातात. मूळ गुणपद्धतीत या दोन्हीला सारखाच गुण आहे. बाजू कोणती एवढंच मोजलं जातं, जोर किती ते नाही. तेव्हा तिथे जीव आटवू नका, पुढे चला.

नकारार्थी विधानांपाशी मात्र जरूर थांबा. उदाहरणार्थ, दिनक्रम मोडला तर मला त्रास होत नाही, अशा अर्थाचं एक विधान आहे. ज्याला त्रास होतो त्याने इथे 'असहमत' म्हणायचं. घाईत 'हो, हे माझंच' म्हणून 'सहमत' दाबणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. अशा वाक्याचा अर्थ आधी स्वतःच्या शब्दांत मोठ्याने म्हणा, मग बटण दाबा.

आता वहीचं काम. प्रत्येक विधानापुढे स्वतःला विचारा: हे शेवटचं कधी घडलं? कुठे? तेव्हा मी काय केलं? प्रसंग आठवला की दोन ओळीत लिहा. आठवला नाही तर रिकामं सोडा.

एका वसतिगृहातल्या मुलाचं उदाहरण देते, ओळख पटणार नाही एवढंच. दिनक्रमाच्या त्याच विधानाला त्याने 'किंचित सहमत' म्हटलं होतं, म्हणजे त्याच्या मते त्याला फारसा त्रास होत नव्हता. मी म्हटलं, बरं, शेवटचं कधी काही बदललं? थोडा वेळ गप्प राहून त्याने सांगितलं की मेसवाल्या मावशींनी टेबलं फिरवली होती आणि भिंतीकडची त्याची जागा गेली होती. मग? मग तो दारातूनच परत फिरला, खोलीवर येऊन भडंग खाल्लं आणि जागा पूर्ववत होईपर्यंत रात्रीचं जेवायला खालीच गेला नाही. याला तो त्रास म्हणत नव्हता, कारण त्याच्या लेखी ते नेहमीचंच होतं. चाचणीने त्याला त्या विधानाला शून्य दिलं. वहीतल्या त्या चार ओळी मात्र कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ दोनदा वाचेल.

आपल्याला जे सवयीचं असतं ते आपल्याला दिसत नाही. स्वतःच स्वतःबद्दल भरायच्या सगळ्या चाचण्यांची ही मोठी मर्यादा आहे आणि प्रसंग लिहिल्याने ती थोडी तरी ओलांडता येते.

काही विधानं आपल्याकडच्या जगण्यात बसत नाहीत, तेही सांगायला हवं. पार्टीपेक्षा मला वाचनालयात जायला आवडेल, असं एक आहे. आपल्याकडे पार्टी म्हणजे काय धरायचं? मी मुलांना लग्नाचा आदला दिवस डोळ्यांपुढे आणायला सांगते: घरभर पाहुणे, हळद, स्पीकर, पंगतीत वाढायला उभं राहणं. तिथून निसटून एखाद्या खोलीत दार लावून बसावंसं वाटतं का, आणि खरंच बसता का? दुसरं विधान संग्रहालयापेक्षा नाटकाला जाणं पसंत करण्याबद्दल आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावात नाटकाला जाणं ही नुसती वैयक्तिक आवड नसते. घरातले सगळे जातात म्हणून आपणही जातो. म्हणून 'जाता का' यापेक्षा 'मध्यंतरात काय करता' हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चहाच्या स्टॉलपाशी चार ओळखीची माणसं भेटली की बरं वाटतं, की खुर्ची न सोडता पडदा वर जायची वाट बघता?

फोन नंबर लक्षात ठेवण्याबद्दलही विचारलं आहे. २००१ सालचा प्रश्न आहे तो. आता कुणालाच नंबर पाठ नसतात. तिथे गाड्यांचे नंबर, एसटीचं वेळापत्रक, मिरज जंक्शनवरून सुटणाऱ्या गाड्यांचे क्रमांक असं काही आपसूक डोक्यात बसतं का, ते वहीत लिहा.

आणखी एक उणीव. आवाज, वास, कपड्यांचा स्पर्श यांबद्दल एक्यूत जवळपास काहीच नाही. म्हणून वहीचं एक पान त्यासाठी वेगळं ठेवा. गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी छातीत धडधडतो तेव्हा इतरांनाही त्रास होतोच. तुम्हाला दुसऱ्या दिवशीही सावरता येत नाही का? शर्टाचं लेबल कापल्याशिवाय शर्ट घालता येत नाही का? मार्केट यार्डातून जाताना हळदीच्या धुळीच्या वासाने डोकं बधिर होतं का, की तोच वास इतका हवासा वाटतो की मुद्दाम तिथून जाता? दोन्ही टोकं लिहिण्यासारखी आहेत.

पायरी ४: आकडा कसा वाचायचा

एक्यूचे गुण शून्य ते पन्नास. मूळ अभ्यासात सर्वसाधारण लोकांची सरासरी साधारण १६ आली. ऑटिझमचं निदान झालेल्या ५८ प्रौढांपैकी ८० टक्के ३२ किंवा त्याच्या वर होते. सर्वसाधारण गटात तेवढे गुण फक्त २ टक्क्यांना मिळाले. इथवर वाचून लोक ठरवून टाकतात: मला ३४, म्हणजे झालंच.

आता हा हिशेब करून बघा. हजार माणसं घ्या. ढोबळमानाने शंभरात एक धरलं तर त्यात दहाजण ऑटिस्टिक. त्यांतले आठ ३२ च्या वर जातील. उरलेल्या ९९० चे दोन टक्के म्हणजे जवळपास वीस. म्हणजे ३२ च्या वर गेलेल्या अठ्ठावीस जणांत वीसजणांना ऑटिझम नाहीच, आणि ज्यांना आहे त्यांतले दोघे खालीच राहिले. चाचणी देणारे लोक हजारांतून डोळे मिटून निवडलेले नसतात, शंका आली म्हणूनच ते देतात, त्यामुळे प्रत्यक्षातलं प्रमाण वेगळं असेल. तरी ३२ ही काही इकडचे-तिकडचे वेगळे करणारी भिंत नव्हे, एवढं या हिशेबातून नक्की कळतं.

जास्त गुण येण्याची इतर कारणंही असतात. लोकांसमोर जायचीच भीती, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही), ओसीडी (तेच ते विचार आणि त्याच त्या कृती थांबवता येत नाहीत), नैराश्य, कमी ऐकू येणं, बालपणी सोसलेली मारहाण. यांतल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे आणि कित्येकदा ऑटिझमबरोबर यांतलं एखादं जोडीला असतंही.

कमी गुण आले म्हणून विषय संपला असंही नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत. मोठ्या घरात वाढलेली मुलगी पाहुण्यांसमोर कसं हसायचं, कधी "बसा ना, चहा ठेवते" म्हणायचं, हे पाठ करून घेते. दहा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडतं की चाचणीत ती प्रामाणिकपणे 'मला गप्पा जमतात' असंच लिहिते. पाहुणे गेल्यावर ती तासभर अंधाऱ्या खोलीत पडून असते, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. वहीत येऊ द्या.

पायरी ५: डोळ्यांची चाचणी

ही चाचणी कॉम्प्युटरवर किंवा निदान मोठ्या स्क्रीनवर द्या. मोबाइलवर, उन्हात, भुवईची बारीकशी घडी दिसत नाही आणि उत्तर तिच्यावरच असतं. आधी सरावाचा एक फोटो असतो. चारही शब्द वाचून झाल्यावरच उत्तर द्या. दोन शब्द योग्य वाटले तर त्यातल्या त्यात जवळचा निवडा. काहीच सुचलं नाही तरी अंदाजाने एक निवडा. रिकामं सोडायची सोय नाही. शब्दांचे अर्थ उदाहरणांसह देणारी यादी मूळ चाचणीसोबतच असते. ती शेजारी उघडून ठेवा आणि अडलं की बघा. त्यात काही लबाडी नाही, ती यादी त्यासाठीच दिलेली आहे.

गुण ३६ पैकी. डोळे मिटून ठोकले तरी चारात एक या हिशेबाने नऊच्या आसपास येतात. २००१ च्या अभ्यासात सर्वसाधारण गटाची सरासरी २६ च्या जवळ होती आणि ऑटिझम असलेल्या गटाची २२ च्या जवळ. त्या दुसऱ्या गटात होते फक्त पंधरा पुरुष. दोन सरासऱ्यांत चार गुणांचं अंतर आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांत भरपूर मिसळलेली. अशा चाचणीवरून एकट्यादुकट्याचं निदान होऊच शकत नाही. मला ओळखीच्या ऑटिस्टिक तरुणीला ३० मिळालेले माहीत आहेत.

या चाचणीत 'बरोबर उत्तर' कसं ठरलं हे समजून घेतलंत तर अर्धी धास्ती जाईल. फोटो मासिकांमधून कापलेले आहेत. फोटोतल्या माणसाला त्या क्षणी खरंच काय वाटत होतं, हे कुणालाही ठाऊक नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. संशोधकांनी एक शब्द सुचवला, मग आठ परीक्षकांना फोटो दाखवले आणि निदान पाचजणांनी तोच शब्द निवडला तर तो 'बरोबर' धरला. म्हणजे तुम्ही चुकलात याचा अर्थ केंब्रिजमधल्या बहुमतापेक्षा तुम्हाला वेगळं दिसलं. त्या डोळ्यांच्या मालकाचं मन तुम्हाला कळलं नाही, असा तो होत नाही.

शिवाय फोटोतले चेहरे गोऱ्या पाश्चात्त्य लोकांचे आहेत. अमेरिकी आणि जपानी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की आपल्या समाजातल्या माणसांचे डोळे लोकांना जास्त चांगले वाचता येतात. शब्दसंपत्तीचाही मोठा वाटा आहे. चिडलेला, वैतागलेला, रोखून बघणारा, बेफिकीर, हे इंग्रजी शब्दांतले बारीक फरक ज्याला शाळेत शिकायला मिळाले नाहीत त्याचे गुण इथे कमी येतात, मग त्याला समोरच्याचा चेहरा कितीही चांगला कळत असो. काही जणांना स्वतःच्याच भावनेला नाव देता येत नाही. छातीत काहीतरी होतंय एवढंच कळतं, राग की भीती ते नाही. अलेक्सिथायमिया म्हणतात त्याला. तो ऑटिझमशिवायही असतो, आणि २०१६ च्या एका अभ्यासात या चाचणीतले कमी गुण ऑटिझमपेक्षा त्याच्याशी जास्त जोडलेले दिसले.

मग ही चाचणी द्यायचीच कशाला? कारण ती देताना तुम्ही काय करता, हे पाहण्यासारखं असतं. चेहरा बघताच शब्द आपोआप मनात येतो, की तुम्ही भुवई, पापणी, सुरकुती एकेक तपासून गणितासारखं उत्तर काढता? छत्तीस फोटो झाल्यावर कंटाळा येतो, की डोकं जड होतं? काही जणांना गुण चांगले पडतात आणि तरी ते घामाघूम होतात. "प्रत्यक्षात एवढा वेळ कोण देतं, तोवर समोरचा पुढचं बोलून गेलेला असतो," असं एका मुलीने मला सांगितलं. हे वाक्य तिने वहीत लिहिलं होतं, आणि तिच्या २९ गुणांपेक्षा मला त्यातून तिच्याबद्दल जास्त कळलं.

नजरेला नजर देण्याविषयी एक खुलासा. आपल्याकडे मोठ्या माणसांकडे रोखून बघत बोलणं उद्धटपणा समजतात, "डोळे वर करून बोलतोस?" हे कितीजणांनी ऐकलं असेल. तेव्हा सासऱ्यांसमोर किंवा साहेबांसमोर मान खाली असणं ही काही खूण नव्हे. जिवलग मित्राशी, सख्ख्या बहिणीशी बोलतानाही नजर टिकत नाही का, टिकवली तर बोलण्यातला मुद्दा सुटतो का, ते पाहा. आणि समजूत दोन्हीकडून व्हावी लागते. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक संशोधकाने २०१२ साली हा विचार मांडला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळायला जड जातं, तसंच इतरांनाही त्याचं कळत नाही. तुमचा निर्विकार चेहरा बघून बायको "रागावलाय का?" म्हणते तेव्हा चूक तीही करत असते.

पायरी ६: घरच्यांना विचारा

निदानाला बालपणीच्या खुणा लागतात आणि त्या तुम्हाला आठवणार नाहीत. आईला विचारा. आई नसेल तर मोठी बहीण, मावशी, आत्या. मात्र 'मला ऑटिझम होता का?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: "काही नव्हतं तसलं, चांगला हुशार होतास!" त्यापेक्षा साधं विचारा. मी कधी बोलायला लागलो? खेळायला कुणाकडे जायचो? कशाने भोकाड पसरायचो? जेवणात काय चालायचं नाही? आई बोलायला लागली की मध्ये तोडू नका.

माळ्यावरच्या पेटीतली जुनी प्रगतिपुस्तकं काढा. गुणांपेक्षा शेऱ्याचा रकाना वाचा. 'अभ्यासात उत्तम, इतर मुलांत मिसळत नाही', 'सांगितलेलं शब्दशः करतो', 'जागा बदलल्यास रडते'. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी ज्या सहजपणे लिहिलं, तितका निःपक्षपाती पुरावा आता कुठून मिळणार? फोटो काढून ठेवा.

पायरी ७: कुणाकडे जायचं

निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. सायकॉलॉजिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच नको. आणि फोन करतानाच 'प्रौढांच्या ऑटिझमची तपासणी करता का?' हेही विचारा. बऱ्याच जणांचा सगळा अनुभव लहान मुलांचा असतो.

सरकारी वाट हवी असेल तर सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. कऱ्हाडला कृष्णा हॉस्पिटल आहे, पण ते सरकारी नव्हे. केसपेपर काढून मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आदल्या दिवशी विचारून घ्या, म्हणजे जतहून किंवा आटपाडीहून येणाऱ्यांची फेरी वाया जात नाही.

ओपीडीत गर्दी असते, मिनिटं मोजकी मिळतात. म्हणून अख्खी वही डॉक्टरांपुढे ठेवू नका. तिच्यातून एक पान काढा: सहा-सात प्रसंग, निम्मे लहानपणीचे आणि निम्मे आत्ताचे, आणि त्यामुळे नोकरीत किंवा घरात नेमकं काय अडतं ते. एक्यूचा आकडा तळाशी एका ओळीत. सुरुवात "मी नेटवर टेस्ट दिली" अशी करू नका, कारण तिथेच अनेक डॉक्टरांचं ऐकणं बंद होतं. "मला या अडचणी लहानपणापासून आहेत" इथून करा.

"लग्न झालंय, नोकरी करता, मग कसला ऑटिझम" असं उत्तर मिळालं तर शांतपणे विचारा: मग या प्रसंगांचं कारण तुमच्या मते काय? उत्तरात तथ्य असेल, चिंतेचा विकार किंवा एडीएचडी असं काही निघालं, तर ते मोकळ्या मनाने घ्या. तुम्हाला उत्तर हवं होतं, ठरावीक उत्तर नव्हे. पण प्रसंग न ऐकताच नाही म्हटलं गेलं, तर दुसरं मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रमाणपत्र हा वेगळा विषय आहे आणि तो प्रत्येकाला लागत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मान्य झालेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. तिथे एक्यू किंवा डोळ्यांची चाचणी चालत नाही. आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, जी तज्ज्ञ तुम्हाला पाहून आणि घरच्यांना विचारून भरतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागतं, त्यामुळे सौम्य लक्षणं असलेल्याला निदान मिळूनही कार्डाचा लाभ मिळेलच असं नाही. घरातलं मूल नववी-दहावीत असेल तर परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतीचा अर्ज शाळेमार्फत जातो. मुख्याध्यापकांना शाळा उघडतानाच भेटा, कारण तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो आणि बोर्डाचे फॉर्म कुणासाठी थांबत नाहीत.